हव जी म्हणायला मनाई

पुण्यात एका रविवारी सकाळी, चहाचा कप माझ्या हातात असताना, ओमेशनं मला सांगितलं की त्यानं नोकरीचा राजीनामा दिला आहे आणि आपण गोंदियाला जाऊन कंपनी काढणार आहोत. विचारलं नाही, सांगितलं. सांगून झाल्यावर मात्र प्रेमानं म्हणाला, "चालेल ना तुला?"

"हव जी," मी म्हणाले.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याची. आमच्या झाडीपट्टीत 'हव' म्हणजे हो, आणि त्याला 'जी' लावला की झाला आदर. शब्दाचा अर्थ एवढाच. पण 'हव जी' म्हणणाऱ्याच्या पोटात काय असतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्या सकाळी माझ्या पोटात होतं की, बाबा, तू आधीच सगळं ठरवून बसला आहेस, आता मी तोंडाची वाफ कशाला दवडू? ओमेशनं मात्र संध्याकाळपर्यंत सगळ्या मित्रांना कळवून टाकलं की मंजूचा पूर्ण पाठिंबा आहे.

तुम्ही म्हणाल, ओमेश तर गोंदियाचाच, त्याला 'हव जी' कळू नये? नाही कळत. एक तर तो दहावीनंतर नागपूरला गेला आणि तिथून पुण्याला. दुसरं म्हणजे तो मालकाचा मुलगा. माझे सासरे, बिसराम तुरकर, यांचं गोंदियात पंपांचं आणि शेती अवजारांचं दुकान आहे. दुकानातली माणसं लहानपणापासून ओमेशला 'हव जी' म्हणत आली. ज्याला आयुष्यभर 'हव जी' ऐकू येतं त्याला ते म्हणायची वेळ येत नाही, आणि म्हणायची वेळ आल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही.

कंपनीची कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. आमच्याकडे धान, म्हणजे भात. पावसाळ्यात धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, सगळ्या गावांत एकदमच येतो आणि तेव्हा बाया मिळता मिळत नाहीत. ओमेश ट्रेमध्ये पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं वाढवणार, त्यांच्या चटईसारख्या गुंडाळ्या शेतावर नेणार आणि रोवणा करणारं यंत्र लावून शेत लावून देणार. शेतकऱ्यानं फक्त फोन करायचा. कंपनीचं नाव त्याला इंग्रजी हवं होतं. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं, "हे वाचनार कोन?" मग नाव पडलं 'झटपट रोवणा'.

मामाजींनी दुकानामागचं गोदाम दिलं आणि एक अटही घातली. "पोळ्यापर्यंत पाहू. उभी राहिली तं राहिली. नाई तं दुकानात बस, नाई तं पुण्याले वापस जा. रडत बसू नको."

इथं माझीच गंमत झाली. मी आले होते तोंड वाकडं करून, पण पहिल्याच महिन्यात माझा जीव इथं रमला. पुण्यात मी एका बँकेसाठी फोनवर बोलायचे, दुसऱ्यानं लिहून दिलेली वाक्यं, दुसऱ्याच्या आवाजात. इथं बुकिंगचा फोन माझ्याकडे आला. शेतकरी भांडायचे, मी भांडायचे, "मंजूबाई, तुमची मशीन काऊन नाई आली?" म्हटलं की मीही "तुमी धुरा फोडून पानी काऊन नाई काढलं?" म्हणून ऐकवायचे; धुरा म्हणजे शेताचा बांध. फोन ठेवला की मला भूक लागायची, इतकं बरं वाटायचं. त्यामुळे पोळ्यापर्यंत कंपनी उभी राहावी हे ओमेशला जेवढं वाटत होतं, त्याहून मला जास्त वाटत होतं. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं.

आता ओमेशची बॉसगिरी. वाईट नव्हता हो तो. कोणावर हात उगारणारा नाही, शिवी देणारा नाही, प्रत्येकाचा वाढदिवस लक्षात ठेवणारा. पण त्याची एक रीत होती. आधी ठरवायचं, मग जाहीर करायचं, आणि शेवटी खांद्याला बॅग अडकवून उभं राहावं तशा आवाजात विचारायचं, "ठीक आहे ना सगळ्यांना?" रोज सकाळी सात वाजता मोबाइलवर मीटिंग. एका पडद्यावर कोणतं शेत हिरवं, कोणतं पिवळं, कोणतं लाल. हिरवं म्हणजे झालं, पिवळं म्हणजे चालू, लाल म्हणजे लाज. लाल कोणालाच नको असे. म्हणून "चालू आहे का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "करून राहिलो जी." करून राहिलो म्हणजे काम अर्धं झालंय असंही होतं आणि अजून घरून निघायचंय असंही. ओमेश ते पिवळ्यात टाकायचा.

रात्री जेवताना मला म्हणायचा, "इथले लोक किती पॉझिटिव्ह आहेत गं! पुण्यात प्रत्येक गोष्टीला दहा फाटे फोडतात. इथं बघ, एका शब्दावर तयार."

माणसं मोजकीच होती. चेतना, कृषी पदविका झालेली, पऱ्हे तिच्या ताब्यात. टिंकू टेम्पो चालवायचा. मशीन दोन होत्या, एकीवर एक मुलगा आणि दुसरीवर रोशन. हा रोशन म्हणजे वल्ली. आमच्याकडच्या प्रतापगडच्या बाजूच्या गावातला, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवसांत गावच्या नाटकात खलनायक करायचा. तो स्टेजवर हसला की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या कुशीत शिरायची म्हणे. टिंकूशी, चेतनाशी, माझ्याशी बोलताना तो तसाच गडगडायचा. फक्त ओमेशचा फोन आला की खलनायकाचं कोकरू व्हायचं. "हव जी. हव जी. हव जी."

जुलैत इटियाडोह धरणाच्या कालव्याला पाणी सुटलं आणि कामाची झुंबड उडाली. त्या भागात बकाराम नावाच्या शेतकऱ्याचं तीन एकर शेत आमच्याकडे होतं. यंत्रानं रोवणा करायचा तर चिखल करून झाल्यावर तो निदान एक दिवस बसू द्यावा लागतो. पातळ चिखलात यंत्र पऱ्हे टोचत जातं, पण ते धरत नाहीत. हे आम्हा सगळ्यांना कोणी शिकवलं? ओमेशनंच. त्याच्या प्रशिक्षणात मोठ्या अक्षरात होतं ते. पण त्या आठवड्यात पडद्यावर पिवळं फार झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मशीन दुसरीकडे न्यायची होती. ओमेशनं गोंदियातून रोशनला फोन लावला. मी समोरच बसले होते, स्पीकर चालू होता.

"बकारामचं आज झालंच पाहिजे. शेत तयार आहे ना?"

"चिखल आज सकारीच केला जी," रोशन म्हणाला.

"मग उत्तम! चालव मशीन."

फोनवर क्षणभर बेडकं ओरडताना ऐकू आली. मग, "हव जी."

ओमेशनं ऐकलं की चिखल झाला. रोशननं सांगितलं होतं की चिखल आत्ताच झाला. त्याच्या हिशेबानं त्यानं 'नाही' म्हणून टाकलं होतं, आता मालकाला ऐकायचं नसेल तर मालक जाणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला नंदाबाईंचा, म्हणजे बकारामच्या बायकोचा, फोन आला. आमच्याकडची बाई रागावली की घुमवून बोलत नाही. "मंजूबाई, तुमचे परहे आमच्या बांधीत पोहून राहिले. वारा सुटला तं सारे एका कोपऱ्यात गोरा झाले. येऊन आपले परहे घेऊन जा आन् आमचा रोवना आमाले वापस द्या."

आम्ही धावत गेलो. बांधीत, म्हणजे त्या भातखाचरात, मधोमध नुसतं पाणी आणि धुऱ्याच्या कोपऱ्यात हिरवागार खच. ओमेशचा चेहरा पांढरा पडला. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, तो सगळ्यांसमोर ओरडला. "रोशन, चिखल बसला नाही हे तुला दिसत नव्हतं? मग सांगितलं का नाहीस?"

रोशन पायाच्या अंगठ्यानं धुरा उकरत उभा होता. तो खरं तर सांगू शकला असता की सांगितलं होतं. पण चूक दाखवून मालकाला सर्वांसमोर खाली पाहायला लावणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. तो म्हणाला, "हव जी."

"काय हव जी? काय हव जी!" ओमेश किंचाळला.

"चार दिवसांत पुन्हा लावून देतो," असा शब्द बकारामला देऊन आम्ही परत आलो. वाटेत मी ओमेशला एवढंच म्हणाले की रोशननं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मी फोनवर होतो मंजू, तो हो म्हणाला. तू यात पडू नकोस." माझं डोकं असं तापलं की मी नवेगाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले. बुकिंग घ्यायला मी, शिव्या खायला मी, आणि यात पडायचं मात्र नाही!

दुसऱ्या दिवशी गोदामात सगळ्यांना बोलावून त्यानं भाषण केलं. त्याला कळलं होतं, पण अर्धंच. तो म्हणाला, की आपल्या कंपनीचं नुकसान कोणी केलं असेल तर ते या एका शब्दानं. मला खरं ऐकायचं आहे. अडचण असेल तर तोंडावर सांगा. पाहिजे तर भांडा. "आजपासून या कंपनीत 'हव जी' बंद. कोणीही म्हणायचं नाही. समजलं ना सगळ्यांना?"

"हव जी," सगळे एका सुरात म्हणाले.

चेतनानं ओढणी तोंडात कोंबली. टिंकू बूट बांधायला खाली वाकला, त्याच्या पायात चप्पल होती. मी हसू दाबायला बाहेर गेले, आणि बाहेर गेल्यावर मला हसू आलंच नाही. मला भीती वाटली. कारण मी पाहिलं होतं, ओमेश हसला नव्हता. त्याला वाटलं, यांना कळलं.

त्यानंतर कामगिरी सुधारली नाही, बिघडली. आता 'हव जी'सुद्धा गेलं आणि नुसता हुंकार उरला. टिंकूची आजी दर दोन दिवसांनी आजारी पडू लागली. दुसऱ्या मशीनवरचा मुलगा भिलाईला काम पाहतो म्हणून गेला तो आलाच नाही. बकारामला दिलेले चार दिवस उलटायला आले आणि त्या कामाबद्दल विचारलं की उत्तर यायचं, "होऊन राहिलं."

अशात एक मोठं काम आलं. चंद्रकुमार नावाचे एक मोठे शेतकरी, स्वतःची राइस मिल असलेले. वीस एकर. त्यांच्याकडे रोवणा चांगला झाला तर सगळा परिसर आमच्यामागे येणार, हे उघड होतं. त्यांनी गावोगावचे पाहुणे बोलावले होते, आणि नागपूरहून एक गुंतवणूकदारही ते पाहायला येणार होता. ओमेश म्हणाला, "हे जमलं तर पोळ्याची चिंता मिटली." मीही नव्या बुकिंगसाठी कोरी वही काढून ठेवली.

आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटत होते, सासूबाई, सावित्रीबाई, भाजी निवडत बसल्या होत्या. ओमेश दारात उभा राहून रोशनशी बोलत होता.

"उद्या सकाळी चंद्रकुमारजींकडे मशीन लागली पाहिजे. जमेल ना?"

"पानी येऊन राहिलं जी इकडं."

"थांबेल रे रात्रीतून. जमेल ना?"

"...हव जी."

ओमेशनं फोन ठेवला आणि समाधानानं म्हणाला, "चला."

मी लाटणं ठेवलं. सासूबाईंसमोर नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही या घरची रीत, ती मी पाळते. "अहो," मी म्हणाले, "तो नाही म्हणाला."

"तो हव म्हणाला. मी बंदी घातली तरी म्हणाला."

"तो नाही म्हणाला!"

"मंजू, मला मराठी येते."

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. त्या फार बोलणाऱ्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांना काय वाटलं कोण जाणे. भाजीवरून नजर न उचलता त्यांनी मला विचारलं, "मंजू, उद्या माझ्यासोबत सत्संगाले चलशील ना?"

"हव जी," मी सवयीनं म्हणाले.

सासूबाई ओमेशकडे वळल्या. "येनार नाई ते."

मी लाजेनं लालबुंद. सासूबाई मात्र आरामात देठ मोडत राहिल्या. "लग्नाले तीन वर्षं झाली, दरखेपी हव जी म्हनते आन् दरखेपी डोकं दुखते तिचं. मी बी माह्या सासूले असंच म्हनत होती. तुह्या बाबाले बी असंच म्हनते. अन् तू कायले दर गोष्टीले मागून 'ना' लावतोस रे? जमेल ना, ठीक आहे ना, समजलं ना. 'ना' लावला का समोरचा हवच म्हनते. दुसरं काही म्हनाले जागाच नाई ठेवत तू."

ओमेश दाराला टेकला. मला वाटलं तो मनातल्या मनात मागं मागं जात होता, कोणकोणते 'हव जी' आठवत. पुण्याच्या चहापर्यंत तो त्या दिवशी पोचला नाही. पण त्यानं पुन्हा रोशनला फोन लावला.

"रोशन, खरं सांग, जमेल ना?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"हव जी," पलीकडून आलं.

ओमेशनं डोळे मिटले, श्वास घेतला, आणि एखादी परकी भाषा बोलावी तसं अडखळत म्हणाला, "रोशन... उद्या काय करावं?"

त्यानं फोन कानावरून काढून पाहिला, लागलेला आहे की नाही. मग रोशनचा आवाज आला. कोकराचा नाही, खलनायकाचा. "उद्या बिलकुल नाई जी! बांधीत गुडघ्याएवढं पानी आहे. पाहुन्याईसमोर परहे पोहले तं तुमची बी इज्जत जाईन आन् माही बी. मी मंडईत नाटक करतो जी, लोक मले ओरखतात! पानी उतरू द्या, चिखल बसू द्या, मंग लावतो, अन् असा लावतो का पाहत राहान." आणि मग, आपण काय बोलून बसलो हे कळून, एकदम बारीक आवाजात, "...नाई जी म्हटलं मी. रागावू नका."

ओमेश रागावला नाही. तो खाली बसला. त्यानं चंद्रकुमारांना फोन लावला आणि दोन दिवस मागितले. मला त्यांचा आवाज चुलीपर्यंत ऐकू आला. "अरे भाई, मेहमान बुला लिये मैंने! तुमको टाइम नहीं तो छोड दो, बाया लावतो मी." काम गेलं. नागपूरचा माणूस आला नाही, पुन्हा त्यानं फोनही घेतला नाही. खरं बोलल्याचं बक्षीस लगेच मिळतं असं कोणी सांगत असेल तर त्याला आमच्याकडे पाठवा.

दुसऱ्या दिवशी रिकामी झालेली मशीन बकारामच्या शेतावर नेली. त्या बाजूला पाऊस नव्हता, आधीचं पाणी बकारामनं काढून ठेवलं होतं, चिखल बसला होता. जिथं मशीन वळत नाही तिथं कडेकडेनं हातानं लावायचं होतं. ओमेशला काय स्फुरण चढलं, त्यानं पँट दुमडली आणि उतरला चिखलात. जरा वेळानं नंदाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "साहेब, तुमी धुऱ्यावर बसा. एक लावून राहिले आन् चार तुडवून राहिले."

बिचारा बसला धुऱ्यावर, बकारामच्या बाजूला. हुकूम द्यायला काही नव्हतं, पडदा पाहायला रेंज नव्हती. दुपारी सगळे जेवायला तिथंच आले. नंदाबाईंनी दिलेल्या भाकरी-चटणीनं ओमेशच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला बोलता येईना. बहुतेक त्यामुळेच बाकीच्यांना बोलता आलं. टिंकूनं सांगितलं की टेम्पोचा ब्रेक महिन्यापासून ढिला आहे, आणि आजी ठणठणीत आहे. चेतना म्हणाली, सकाळी सातला मीटिंग घेता तीच पऱ्ह्यांना पाणी द्यायची वेळ, त्यामुळे एक रांग सुकते आणि ती मी मागं लपवते. रोशन तर सुटलाच होता. ओमेश ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं मान खाली घातली तेव्हा मला त्याच्याविषयी असं भरून आलं की मी पाण्याचा गडवा त्याच्यापुढे सरकवला आणि दुसरीकडे पाहिलं.

त्यानंतर सकाळची मीटिंग गेली. संध्याकाळी ओमेश एकेकाला फोन करायचा आणि विचारायचा, "उद्या काय नाही होणार?" पहिले काही दिवस कोणाला उत्तर सुचत नसे. मग सुचू लागलं. लाल रंग वाढला. ज्या शेतकऱ्यांना आम्ही 'आज नाही' सांगितलं त्यातले काही शिव्या देऊन गेले, काही थांबले. हंगाम संपला तेव्हा ठरवलेल्या एकरांच्या निम्मेही झाले नव्हते. पण त्यानंतर एकाही बांधीत पऱ्हे पोहले नाहीत.

पोळा आला. सासूबाई करंज्या तळत होत्या, मामाजी खाटेवर पेपर वाचत होते. ओमेश सकाळपासून फोन घेऊन बाहेर बसला होता. दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि जुन्याच आवाजात बोलला. पुण्याच्या कंपनीचा फोन आला होता. तीच जागा, वरचं पद. "बाबांनी पोळ्यापर्यंतच म्हटलं होतं. आकडे काही जमले नाहीत. मी त्यांना हो कळवतो. पुढच्या आठवड्यात निघू. मंजू, तू सामान आवरायला घे, ठीक आहे ना?"

'ना' लावलाच त्यानं. कंपनीत शिकला होता, घरात शिकायचं राहून गेलं होतं.

मामाजी म्हणाले, "हव." सासूबाई करंज्या तळत राहिल्या. माझ्या हातात लाटलेली पारी होती. माझा फोन, माझे भांडकुदळ शेतकरी, भांडून झाल्यावर लागणारी भूक, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. सकाळीच बकारामच्या गावातून उन्हाळी धानासाठी सात जणांनी नावं सांगितली होती. नंदाबाईंनीच फिरून गोळा केली होती ती. बोलायचं खूप होतं, पण ठरवून आलेल्या माणसापुढे तोंडातून सवयीचंच येतं.

"हव जी," मी म्हणाले.

ओमेश वळला. बाहेरच्या ओट्यापर्यंत गेला, एक पाय चपलेत घातला. आणि थांबला. तसाच, एका पायात चप्पल, परत आला.

"मंजू," त्यानं विचारलं, "हे कोणतं 'हव जी'?"

कढईतला झारा थांबला. पेपर खाली आला. मला रडू फुटलं. लग्नाला तीन वर्षं झाली, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"नाही, ओमेश," मी सासूबाईंसमोर, मामाजींसमोर म्हणाले. "हे नाही आहे. पुण्यातलं पण नाहीच होतं."

तो माझ्यापुढे जमिनीवर बसला, एका पायात चप्पल तशीच. "मग काय करावं?" त्यानं विचारलं. 'ना' न लावता.

सासूबाईंनी दोन करंज्या ताटलीत घालून त्याच्यापुढे सरकवल्या. "चप्पल काढ आन् नीट बस," त्या म्हणाल्या. "लंबं चालनार हे."